तिसऱ्यांदा तुटलेली चेन

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा सायकल त्याच्या खांद्यावर होती आणि तुटलेली चेन शर्टाच्या खिशात. बाहेर भुरभुर पाऊस होता. दाराशी थांबून त्याने आधी पायपुसण्यावर बूट पुसले – दोन्ही, टाचांसकट – आणि मग विचारलं, "आत येऊ का?"

सायकलच्या दुकानात असं कुणी विचारत नाही. ती चाकाच्या तारा आवळत होती, तिने मान वर केली. उंच, किडकिडीत माणूस. केसांतून पाणी निथळतंय, खिशाभोवती काळ्या तेलाचा भलामोठा डाग, आणि कपाळाला एकही आठी नाही.

"चेन खिशात कशाला ठेवलीत? शर्ट गेला की कामातून."

"रस्त्यात टाकवेना," तो म्हणाला. "दोन वर्षं रोज टेकडी चढवलीय तिने मला."

झालं. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. गोड बोलणारी माणसं तिला पचत नसत, आणि त्याला कारण होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या हाताखाली एक जण काम शिकायला होता. हाताला चलाख, जिभेवर साखर. त्याचं आणि तिचं लग्नही ठरलं होतं. मग एके दिवशी त्याने बाजारपेठेत काचेच्या दाराचं, झगझगीत दिव्यांचं स्वतःचं दुकान थाटलं, इथली निम्मी गिऱ्हाइकं तिकडे नेली, आणि लग्नाचं विचारलं तेव्हा म्हणाला, घरचे नको म्हणतात. बाबा त्याचं नाव घेत नसत, 'चकाचक' म्हणत. तेव्हापासून ती कुणाच्या शब्दांवर जात नसे. चेन बघायची, दाते बघायचे, माणसाकडे बघायचं नाही.

म्हणून तिने हात पुढे केला तो चेनसाठी. "द्या इकडे."

जुनी चेन झिजून लांबली होती. तिने मापाची पट्टी कड्यांमध्ये अडकवून दाखवली. पट्टी सुळकन आत गेली.

"हे बघा. नवीन असती तर ही आत जायलाच नको. चेन काही एका दिवसात मोडत नाही, ती रोज केसाएवढी झिजते. वेळेवर बदलली नाही तर मागचे दातेही खाते."

त्याने खिशातून एक छोटी वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे भिजलेले. "म्हणजे किती दिवसांनी मोजायची?"

"महिन्याला एकदा."

त्याने लिहून घेतलं. "आणि तेल?"

"आधी फडक्याने कोरडी पुसायची. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब, आतल्या बाजूने. चार-सहा वेळा पेडल उलटं फिरवायचं, आणि वरचं सगळं तेल पुन्हा पुसून काढायचं. लोक वरून ओततात नि वाटतं फार माया केली. त्याला धूळ चिकटते नि चेन कानशीसारखी घासते."

तो लिहीतच होता. सायकलच्या दुकानात वही काढून लिहिणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या बाबांनीही जाड भिंगांतून त्याच्याकडे टक लावली.

"काय करता तुम्ही?" तिने विचारलं.

"टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर असतो. सकाळ-संध्याकाळ पातळी मोजायची, औषध टाकायचं, झडपा बघायच्या. वरचा रस्ता दरड कोसळल्यापासून बंद आहे, म्हणून ही सायकल."

नवी चेन बसवून घेऊन तो गेल्यावर बाबा म्हणाले, "माणूस भला दिसतोय."

"तोही दिसायचा," ती म्हणाली.

अठरा दिवसांनी नवी चेन तुटली.

आता अठरा दिवसांत चेन तुटल्यावर माणसाने काय करावं? हातवारे करावेत, चार माणसांसमोर दुकानाचा उद्धार करावा. हा मात्र बूट पुसून आत आला, चेन टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "पुन्हा आलो."

एवढंच? तिने चेन उचलून उजेडात धरली. एका कडीची पट्टी, दोन कड्या जोडणाऱ्या पिनवरून सुटून बाहेर वळली होती. बाकी चेन कोरी करकरीत, पुसलेली, जेवढ्यास तेवढं तेल. सांगितलं तसंच केलं होतं त्याने. तेही तिला खटकलं.

"कुणी उघडली होती का?"

"नाही."

"चढावर जोर लावून गिअर बदलता?"

"बदलायचा नसतो का?"

"बदलायचा. पण बदलताना पाय हलका सोडायचा. अर्धा फेरा. चेन एका चक्रीवरून दुसरीवर तिरकी जात असते, त्या क्षणी तुम्ही सगळं वजन टाकलंत तर ती कुठे जाईल बिचारी?"

तो किंचित हसला. "म्हणजे ती बदलत असताना तिला घाई करायची नाही."

"चेनला."

"मीही चेनबद्दलच बोलतोय," तो म्हणाला, आणि वहीत डोकं घातलं. त्याचे कान मात्र लाल झालेले तिने पाहिले, आणि पाहिलं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"पुढची मोठी चक्री नि मागचीही मोठी, असं कधी लावायचं नाही," तिने आवाज मुद्दाम कोरडा केला. "चेन तिरकी ताणली जाते. चढ दिसला की आधीच हलका गिअर घ्यायचा, चढावर अडकल्यावर नाही."

तिने दुसरी नवी चेन खोक्यातून काढली, मापाने तोडली, आणि पिन निम्मी बाहेर ढकलून, कडी बसवून, तीच पिन पुन्हा आत दाबली. बाबांनी असंच शिकवलं होतं. खोक्यात एक छोटी पुडी निघाली, ती तिने नेहमीप्रमाणे टेबलाखालच्या डब्यात टाकली. आणि मग, त्याची पाठ वळल्यावर, तिने कप्प्यातली लाल नेलपॉलिशची बाटली उघडून त्या पिनच्या दोन्ही टोकांवर एक-एक ठिपका दिला.

हत्याराने पिन उघडायची तर पिनच्या टोकावर दाब द्यावा लागतो. पॉलिश खरवडल्याशिवाय राहणार नाही. दुकानाचं नाव घालवायला कुणी मुद्दाम चेन उघडत असेल, तर आता कळेल.

तुटलेली चेन तिने फेकली नाही. कागदात गुंडाळून, वर तारीख घालून ठेवली. पुरावा म्हणून.

त्यानंतर तो चेन न तुटताच येऊ लागला. कधी ब्रेकची रबरं बघायला, कधी चाकात हवा भरायला – टेकडीच्या पायथ्याशी हवेचा पंप असताना. येताना बाबांसाठी वर्तमानपत्र आणायचा आणि त्यातला ठळक मजकूर त्यांना वाचून दाखवायचा, कारण बाबांना बारीक अक्षर दिसत नसे. आणि येईल तेव्हा प्रश्न.

"ती छोटी पुडी कशाची असते हो, चेनच्या खोक्यातली?"

"चेनलॉक असतं. नुसत्या बोटांनी जोडता येणारी कडी."

"मग ती लावत नाही का आपण?"

'आपण' म्हणे. तिचे डोळे बारीक झाले. पण उत्तर बाबांनीच दिलं. "लॉक साध्या सायकलला. गिअरच्या सायकलला लॉक लावलं की अडकतं नि निसटतं. चाळीस वर्षं पिननेच जोडतोय मी."

"बरोबर," तो हळूच म्हणाला. "पण या चेन पूर्वीपेक्षा बारीक असतात ना? म्हणजे... पिन तीच पुन्हा घातली तर चालतं का, असं आपलं विचारलं."

"तुम्हाला सायकलचं दुकान काढायचंय का?" तिने विचारलं.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "नाही. मला पाणीच बरं."

दुसऱ्याच दिवशी ती सुटे भाग आणायला बाजारपेठेत गेली, आणि पाहते तर काय, काचेच्या दारापाशी तो उभा. समोर चकाचक, खिशात हात घालून, तेच ओठ मुडपून हसणं. बोलत होता चकाचक आणि ऐकत होता हा. हातात वही.

ती रस्त्याच्या पलीकडे थबकली. राग यायला हवा होता, तो आला, पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं, आणि ते काय होतं हे तिला चांगलंच कळलं. म्हणजे इतक्या दिवसांत आपण याच्या बुटांचा आवाज ओळखायला लागलो होतो तर.

पुढच्या खेपेला त्याने विचारलं, "चेन टिकावी म्हणून अजून काय करता येईल?"

ती शांतपणे म्हणाली, "आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात घालायची. मीठ टाकून."

ही शुद्ध थाप होती. हा इथलं सगळं चकाचकला पोचवत असेल, तर त्याच्या दुकानात कुणी चेन उकळताना दिसलं की चोर पकडला, असा तिचा बेत.

त्याने पेन उचललं, थांबला. "हे खरं आहे का?"

"लिहा ना."

"खोटं वाटतंय," तो म्हणाला. मग खाली बघून लिहायला लागला. "पण तुम्ही सांगताय, म्हणून लिहितो."

ती तोंड फिरवून तारा आवळायला लागली. तार गरजेपेक्षा दोन फेरे जास्त आवळली गेली.

मग चार दिवस तो आलाच नाही. पाचव्या दिवशी सकाळी टाकीच्या पायथ्याच्या पंपघरातला एक वयस्क कामगार त्याची सायकल ढकलत दुकानात घेऊन आला. हँडल वाकडं, चेन मागे लोंबतेय.

"पडला तो," कामगार म्हणाला. "शेवटच्या वळणावर उभं राहून पेडल मारत होता, चेन तुटली नि गेला तोंडावर. हनुवटीला चार टाके पडलेत. खांद्याला मुका मार लागलाय. सायकल मीच आणतो म्हणालो." निघता निघता तो वळला. "हां, निरोप आहे. मिस्त्रींना सांगा, घाई नाही."

बाबा डोळे तपासायला गेले होते. दुकानात ती एकटी. तिने चेन काढून टेबलावर पसरली आणि कडी न् कडी सरकवत तुटलेल्या जागेवर आली.

लाल ठिपक्याची पिन. नेमकी तीच.

म्हणजे उघडलीच होती तर त्याने. तिने बाबांचं भिंग घेतलं आणि पिनच्या टोकावर धरलं.

ठिपका शाबूत होता. गोल, चकचकीत, मधोमध एक ओरखडासुद्धा नाही. दुसरं टोक पाहिलं – तेही तसंच. फक्त कडेने पॉलिशचा पापुद्रा फाटला होता, जिथून पट्टी पिनवरून ओढली जाऊन बाहेर आली होती. कुठलंच हत्यार तिथे लागलं नव्हतं. पट्टी आपोआप निसटली होती. माणसाच्या वजनाने, चढावर.

तिने कपाटातून कागदात गुंडाळलेली आधीची चेन काढली. तीही तशीच. पिनवर जोडताना उमटलेली हत्याराची एकच खूण होती: तीही तिनेच जोडलेल्या पिनपाशी तुटली होती.

मग तिने टेबलाखालच्या डब्यातली एक पुडी फोडली, आतला घडीचा कागद उलगडला आणि पहिल्यांदाच वाचला. बारीक अक्षरांत चित्रासकट लिहिलं होतं: या चेनची पिन एकदा बाहेर काढली की पुन्हा वापरू नये. पिनच्या टोकाची कड मोडते, पकड राहत नाही. सोबतची कडीच वापरावी.

ती स्टुलावर बसली. त्याच्याविरुद्ध म्हणून जपून ठेवलेला पुरावा तिच्यावरच उलटला होता. आणि हातातली धरून अशा अकरा पुड्या होत्या. यातल्या दोन त्याच्या. उरलेल्या... तिने मोजल्या. नऊ. एका रविवारी टेकडीवरच्या पायवाटांवर सायकलींची मोठी फेरी होती, आणि गेल्या दोन महिन्यांत तिने त्यासाठीच कितीतरी जणांच्या चेन बदलून दिल्या होत्या. तो रविवार आता चार दिवसांवर आला होता.

आधी मात्र ती पंपघरात गेली.

ती एक लांबट खोली होती. भिंतीला हिरवा रंग, गुडघ्याएवढे जाड पाइप, झडपांची लोखंडी चाकं, आणि डोळ्यांत जाणारा औषधाचा वास. मोटर घरघरत होती. तो टेबलापाशी डाव्या हाताने नोंदवहीत आकडे भरत होता, उजवा हात गळ्यात अडकवलेला. हनुवटीवर पांढरी पट्टी. तिला बघून तो उठायला गेला आणि खांदा धरून खाली बसला.

"बसा. मला सांगायचंय ते सांगते नि जाते." ती उभीच राहिली. "चेन तुमच्यामुळे तुटत नव्हती. माझ्यामुळे तुटत होती. जोडायची पद्धत चुकत होती माझी. आणि मी तुमच्यावर संशय घेत होते. मुद्दाम तोडता म्हणून. मी पिनवर नेलपॉलिश लावून ठेवलं होतं, तुम्हाला पकडायला." तिने श्वास घेतला. "चूक माझी. माफ करा."

तो खाली बघत होता. त्याने डाव्या हाताने नोंदवही मिटली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"पिनचं. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा मीही पिन निरखून पाहिली होती, जोडलेल्या जागीच तुटली होती ती. खात्री करायला बाजारपेठेतल्या दुकानात गेलो. तो म्हणाला, बारीक चेनला पिन परत घालत नाहीत. वर हसून म्हणाला, त्यांना सांगू नका, इकडे या." त्याने मान वर केली. "मी विचारत होतो ना तुम्हाला, पुडीचं, पिनचं... मला वाटलं, तुमचं तुम्हालाच लक्षात येईल. बाबांच्या समोर, ते चाळीस वर्षं म्हणत असताना, मी कोण सांगणार?"

ती बघतच राहिली. इतके दिवस जे प्रश्न तिला कान टवकारायला लावत होते, ते हा हळूच तिच्या पुढ्यात ठेवत होता तर. कुणाचंही मन विरघळलं असतं. तिचंही विरघळायला लागलं – आणि मग तिला त्या नऊ पुड्या आठवल्या.

"माझा मान राखलात तुम्ही," ती सावकाश म्हणाली.

"तसं नाही..."

"तसंच. आणि तोंड फुटलं तुमचं. ते तुमचं तुम्ही बघा, पण मी आणखी नऊ सायकली तशाच जोडल्यात. रविवारी नऊ जण त्या घेऊन टेकडी उतरणार आहेत. तुम्ही तेव्हाच स्पष्ट बोलला असता तर मी चार शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस फुगून बसले असते, नि मग पुडी उघडून वाचली असती."

त्याचा चेहरा उतरला. "नऊ? हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"नाही आलं. कारण तुम्ही फक्त मला काय वाटेल ते बघत होता." तिचा आवाज फाटला, ते तिला आवडलं नाही. "माझ्याशी गोड वागून काहीतरी लपवणारा एक माणूस मी पाहिलाय. तुम्ही वाईट नाही, कळतं मला. पण लपवणं ते लपवणंच."

ती निघून आली. मागून त्याने हाक मारली नाही.

बाबांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद डोळ्यांशी नेला, वाचता येईना म्हणून तिच्याकडून दोनदा वाचून घेतला.

"शिकवलं मीच," ते म्हणाले. "फोन मी करतो."

"जोडल्या मी. फोन मी करणार. तुम्ही नुसते शेजारी बसा."

नऊ फोन. प्रत्येकाला तेच वाक्य: चेन जोडताना माझी चूक झालीय, तिच्यावर चढ-उतार करू नका, आणून द्या, मी बदलून देते. एकाने झाप झाप झापलं. दोघांना पटेचना. एक बाई म्हणाल्या, अहो माझी तर छान चाललीय. तिने सांगितलं, चालेल चालेल नि एका वळणावर चालायची नाही. तीन दिवसांत आठ सायकली आल्या. नववा थेट चकाचककडे गेला, आणि तिकडून बाजारभर गोष्ट पसरली की त्या मिस्त्रीणबाईंना चेन जोडता येत नाही. ती ऐकून घेत राहिली. आठही चेनमध्ये तिने कडी बसवली, ब्रेक दाबून, पेडलवर पूर्ण उभं राहून ती 'खट्' वाजेपर्यंत ताणली, आणि मगच सायकल मालकाच्या हातात दिली.

रविवारी कुणी पडलं नाही. बातमीत येण्यासारखं काहीच घडलं नाही. सोमवारी सकाळी त्यातले तिघं चिखलाने माखलेल्या सायकली घेऊन धुवायला तिच्याकडेच आले, आणि त्यातला एक म्हणाला, "चूक आपणहून सांगणारा मिस्त्री पहिल्यांदाच पाहिला." तिला रडू आलं असतं, पण हातात केरोसीनचं फडकं होतं.

तो आला बुधवारी दुपारी. पट्टी निघाली होती, हनुवटीवर गुलाबी वण. दाराशी थांबला.

"आत येऊ का?"

"सायकल तयार आहे," ती म्हणाली. "चेन नवीन आहे. कडी लावलीय. हँडल सरळ केलंय."

तो आत आला, पण सायकलकडे बघितलंही नाही. तिच्या समोर उभा राहिला, परीक्षेला बसल्यासारखा.

"तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. मी सरळ बोलायला हवं होतं. तेव्हापासून सराव करतोय."

"कसला?"

"सरळ बोलायचा. तुमच्या पाटीवर 'दुरूस्ती' लिहिलंय. रु ऱ्हस्व हवा."

तिने भुवया उंचावल्या. कोपऱ्यात बाबांचं वर्तमानपत्र सळसळलं.

"पुढे?"

"चहात साखर फार घालता. बाबांनाही ती बरी नाही."

"अजून काही?"

"आहे." त्याने खोल श्वास घेतला. "तुम्ही बोलताना माणसाकडे बघत नाही. चेनकडे बघता. मी दोन महिने इथे येतोय... हवा भरायला, रबरं बघायला. माझी रबरं ठणठणीत होती. चेन तुटायची तेव्हा मला वाईट वाटायचं नाही, हे खरं तर मी आधी सांगायला हवं होतं. आणि भांडलो नाही तेही चांगुलपणाने नाही. भांडलो असतो तर दुसऱ्या दुकानात जावं लागलं असतं."

बाबा उठले. "मी जरा पाटी बघून येतो," म्हणाले, आणि भिंतीचा आधार घेत बाहेर गेले. त्यांना ती पाटी दिसत नव्हती हे तिघांनाही माहीत होतं.

दुकानात रबराचा, तेलाचा, ओल्या मातीचा वास. कुठेतरी एक चाक आपलं आपण फिरत होतं, टिक-टिक-टिक, हळू होत होत थांबलं. तिने फडकं खाली ठेवलं. आणि मग तिने त्याच्याकडे पाहिलं – तारांआडून नाही, चेनच्या आडून नाही, नीट. डोळे करडे होते त्याचे. इतक्या दिवसांत हे तिला ठाऊकच नव्हतं.

मन म्हणत होतं, सांभाळ. एकदा पोळलीयस. तिने मनाचं ऐकून घेतलं. ते काही वाईट बोलत नव्हतं बिचारं.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" तिने विचारलं.

हा प्रश्न कुणी गिऱ्हाइकाला विचारत नाही. त्यालाही ते कळलं असावं. कान पुन्हा तसेच लाल झाले.

"आई. दादा. आणि वहिनी. वहिनीला गेले दोन महिने संशय आहे की मी सायकल मुद्दाम मोडतो."

"मग काय सांगितलंत त्यांना?"

"म्हटलं, मोडत नाही, आपोआप मोडते. पण जवळचं दुकान सोडून मुद्दाम लांबच्या दुकानात नेतो, एवढं खरं."

ती हसली. आवाज न करता, खाली बघून, मग वर बघून.

"रविवारी दुकान बंद असतं," ती म्हणाली. "घरी या. वहिनींना घेऊन या."

"वहिनीला कशाला?"

"मला त्यांच्याकडून सगळं पुन्हा एकदा ऐकायचंय," ती म्हणाली. "तुमच्या एकट्याच्या बोलण्यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही."

आणि हे सांगताना ती त्याच्या डोळ्यांतच बघत होती, म्हणून त्याला त्यातलं एक अक्षरही खरं वाटलं नाही.